खिडकी बुजवू नये

कात्रीदादांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीबुकात होतं आणि हजेरीबुक कपाटात होतं. तेवढी एक जागा सोडली तर ते नाव कुठेच वापरात नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी त्यांना कात्रीदादा म्हणायचा, तिकिटं देणारी बाई कात्रीदादा म्हणायची, नवे साहेब आले की तेही दोन दिवसांत कात्रीदादाच म्हणू लागायचे. बायको मात्र 'अहो' म्हणायची आणि त्या एका 'अहो'त लाडापासून तंबीपर्यंत सगळं बसवायची.

अडतीस वर्षं ते एकाच राजवाड्याच्या बागेत कात्री चालवत होते. त्यांच्याआधी त्यांचे वडील आणि वडिलांच्याआधी आजोबा. राजघराण्यातला एकही राजा तिथे इतकी वर्षं टिकला नाही, असं दादा कधीकधी म्हणायचे, पण हळू आवाजात. उगाच कोणाला राग यायला नको, अगदी मेलेल्या राजांनाही.

या राजवाड्याचा इतिहास तसा सोपा आहे. पहिल्या राजाने वाडा बांधला, दुसऱ्याने बाग लावली, तिसऱ्याचं डोकं दुखायचं आणि चौथ्याने राज्य घालवलं. त्यानंतर वाड्यात काही वर्षं फौज राहिली, मग सरकारी कागद राहिले, मग कागदांना वाळवी लागली म्हणून त्यांना हलवलं आणि वाड्याचं संग्रहालय झालं. आता पाहुणे येतात, पायांत कापडी पिशव्या चढवून चकचकीत फरशीवर घसरत चालतात आणि बाहेर बागेत येऊन फोटो काढतात.

यात लक्षात ठेवायचा तो तिसरा राजा. त्याचं डोकं बारा महिने दुखायचं. आवाज झाला की दुखायचं, धूर आला की दुखायचं, आणि काहीच झालं नाही तर आता काहीतरी होईल या काळजीने दुखायचं. त्याने घड्याळांचे टोल बंद करवले. तळ्यातली बदकं हद्दपार केली. बागेत कोणीही, अगदी युवराजानेसुद्धा, मोठ्याने बोलायचं नाही असा कायदा केला. दुपारी तो झोपायचा, म्हणून बारा वाजता नोकरांच्या वस्तीतल्या सगळ्या चुली विझवाव्या लागत. राजाचं डोकं एक, पण त्याचा ताप सगळ्या गावाला.

नोकरांची वस्ती आणि राणीची गुलाबबाग यांच्यामध्ये झुडपांची एक भिंत होती. ती अजूनही आहे. दोनशे दहा पावलं लांब, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, आणि इतकी दाट की मांजरालाही वळसा घालून जावं लागतं. दोरीवर वाळणारे नोकरांचे कपडे राजघराण्याला दिसू नयेत म्हणून दुसऱ्या राजाने ती लावली. माळी तिला हिरवी भिंत म्हणत. तिला सरळ ठेवणं हेच कात्रीदादांचं आयुष्यभराचं काम. दोन खुंट्यांना दोरी ताणायची, एक डोळा मिटून पाहायचं आणि दोरीबाहेर डोकावेल ते पान कापायचं. त्यांच्या हातून एकही पान वाकडं सुटत नसे.

आणि या भिंतीत एक भोक होतं.

मधोमध नाही, थोडं डावीकडे. कमरेच्याही खाली, हातभर रुंद आणि वीतभर उंच, काटकोनात कातरलेलं. माळी त्याला खिडकी म्हणत. त्यासाठी दादांकडे आजोबांच्या वेळचा एक लाकडी साचा होता. तो दर आठवड्याला खिडकीत बसवायचा आणि साच्याच्या आत येईल ती फांदी उभ्या उभ्या लांब कात्रीने उडवायची. नवीन कामावर लागल्यावर दादांनी वडिलांना विचारलं होतं, "ही कशाला ठेवायची?"

"विचारू नकोस, काप," वडील म्हणाले होते. "तुझ्या आजोबांनी सांगितलंय, खिडकी राहिली पाहिजे."

वडिलांनी आजोबांना विचारलं होतं का? नव्हतं. या घराण्यात प्रश्न विचारण्यापेक्षा कात्रीला धार लावण्याकडे कल जास्त. त्यामुळे दादांनी कापलं. ऊन असो, थंडी असो, अंगात ताप असो, खिडकी कधी भरली नाही. आणि दुपारी साडेबारा झाले की खिशातला फोन वाजायचा. तो कानाला लावण्याआधीच पलीकडून बायकोचा एकच शब्द यायचा:

"निवतंय!"

मग फोन बंद. त्यावर दादा "हो, आलोच" म्हणायचे, आणि आणखी दोन झुडपं सरळ करून वीस मिनिटांनी घरी पोचायचे. जित्याची खोड. घर म्हणजे त्याच जुन्या वस्तीतलं तिसरं दार, आजोबांपासून त्यांच्याच घराण्याकडे चालत आलेलं.

दादांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते तेव्हा नकाशेवाल्या मॅडम आल्या. जुन्या बागा जशा होत्या तशा परत करायच्या, हे त्यांचं काम. वयाने लहान, चालायला भरभर, आणि काखेत कायम गुंडाळलेला नकाशा. बाई वाईट नव्हत्या. कुदळ मारणाऱ्याला आधी नमस्कार करत, मग चूक दाखवत. दादांच्या जागी नवीन माळी येणार नव्हता. एका कंपनीची माणसं महिन्यातून दोनदा यंत्र घेऊन येणार होती, आणि यंत्र चालणार होतं नकाशाप्रमाणे. म्हणजे दादा जातील त्या दिवशी नकाशात जे असेल ते राहणार, नसेल ते जाणार.

मॅडम भिंतीजवळून चालत होत्या, त्या खिडकीपाशी थांबल्या.

"दादा, हे भोक कसलं?"

"भोक नाही, खिडकी आहे ती."

"नकाशात नाही."

"नकाशा दुसऱ्या राजाचा. खिडकी नंतरची."

"कोणी करायला सांगितली?"

दादांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली.

"कशासाठी आहे?"

दादांनी कात्री परत पहिल्या हातात घेतली.

"म्हणजे," मॅडम अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "अडतीस वर्षं तुम्ही हे कशासाठी करताय, ते तुम्हाला माहीत नाही?"

चिडून विचारलं असतं तर दादांनी उत्तर ठोकलं असतं. पण सौम्य प्रश्नाला काय करायचं? तो नुसता आत जाऊन बसतो. मॅडम म्हणाल्या, "मला काही ती बुजवायची हौस नाही. पण कारण हवं आणि कारणाला कागद हवा. तुम्ही निवृत्त व्हायच्या आत मिळाला तर नकाशात घालते. नाहीतर आता कातरणं थांबवा, एका मोसमात आपोआप भरेल."

त्या रात्री जेवताना दादांनी बायकोला सांगितलं. तीन पिढ्यांनी हातातली कामं टाकून जपलेली वस्तू आपल्याच हातून जाणार, आणि तीही आपल्याला तिचं कारण सांगता येत नाही म्हणून, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"एका भोकासाठी एवढं?" बायको म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या छपराला पडलं होतं, त्याच्याकडे बघायला सहा महिने लागले तुम्हाला."

पण त्यांचं ताट तसंच राहिलेलं पाहून तिने दुसऱ्या दिवशी आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. हीच चूक झाली.

हा मेव्हणा राजवाड्यात वाटाड्या होता. पाहुण्यांना दालनं फिरवून इतिहास सांगायचा, आणि त्याचा इतिहास रोज थोडाथोडा वाढायचा. राणीच्या आरशाला आधी एक तडा होता, तो तिच्या किंकाळीने गेला होता. पुढच्या वर्षी आरसे तीन झाले. त्याचं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे वरच्या मजल्यावरचं राणीचं दालन. तिथे भिंतीवर चौकटीत, काचेखाली, तिसऱ्या राजाच्या राणीच्या हातचा एक कागद आहे. त्यावर एकच ओळ: 'खिडकी बुजवू नये, हा हुकूम समजावा.' आणि कागदाच्या शेजारीच एक मोठी खिडकी.

या कागदापायी त्या दालनाची दैना झाली होती. संग्रहालय सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या अधिकाऱ्याने जुन्या दप्तरातून आलेला हा कागद चौकटीत बसल्यावर वाचला, खिडकी पाहिली आणि ठरवलं की राणीचा हुकूम आहे, ही खिडकी बंद करायची नाही. बुजवू नये म्हणजे विटा घालू नये, रात्री लावून घ्यायला काय हरकत, असं कोणीतरी म्हणालं. पण हुकूम राणीचा, तोही मेलेल्या राणीचा. खुलासा मागायचा कोणाकडे? त्यामुळे पन्नास वर्षं ती खिडकी सताड उघडी होती. पाऊस आत यायचा. पारवे यायचे आणि मुक्काम करायचे. जमिनीच्या फळ्या फुगल्या होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईने तिथे एक बादली ठेवली होती, ती इतकी वर्षं की पाहुणे तिचेही फोटो काढत. मेव्हणा सांगायचा, राणी या खिडकीत उभी राहून लढाईवर गेलेल्या राजाची वाट पाहायची. आता तिसरा राजा लढाईवर कधी गेलाच नव्हता, लढाईत फार आवाज होतो. पण पाहुण्यांचे डोळे पाणावायचे, आणि मेव्हण्याला तेवढं पुरे.

"भावोजी, तुम्ही निर्धास्त राहा," मेव्हणा म्हणाला. "असं कारण देतो ना, की मॅडमच म्हणतील, अजून दोन खिडक्या पाडा."

"कागद हवाय त्यांना," दादा म्हणाले. "खरा."

"गोष्ट चांगली असली की कागद आपोआप सापडतो."

"खोटं नको रे."

"खोटं कुठे? अजून सिद्ध न झालेलं."

दुसऱ्या दिवशी तो चाळीस पाहुण्यांना घेऊन हिरव्या भिंतीपाशी आला आणि हातवारे करून सांगू लागला, की याच झरोक्यातून शेजारच्या राज्याचा राजपुत्र राणीला चोरून पत्रं द्यायचा. एका बाईने विचारलं, एवढ्या खाली का? मेव्हणा म्हणाला, राजपुत्र रांगत यायचा. मागे नकाशेवाल्या मॅडम उभ्या होत्या.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते असं. मॅडमचा चेहरा उतरला. दादांनीच हे शिकवून पाठवलं असा त्यांचा समज झाला असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या तार बांधून घ्या, दादा. आजूबाजूच्या फांद्या आडव्या ओढून बांधल्या की लवकर भरेल." आणि निघून गेल्या.

दादांचं तोंड पडलं. आपल्याला कारण माहीत नाही हे एकवेळ ठीक. पण आपण खोटं बोलतो असं कोणाला वाटावं, हे अडतीस वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन आले. सकाळभर त्यांनी इतर सगळी कामं केली. गुलाबांची सुकलेली फुलं काढली, वाफे मोकळे केले, कारंज्याच्या जाळीतली पानं उपसली, तीही दोनदा. शेवटी काम उरलंच नाही, तेव्हा ते खिडकीपाशी आले. तार बांधायची तर उभ्याने जमणार नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांनी वाफ्याच्या कडेच्या दगडावर बूड टेकलं, एक फांदी ओढली आणि पहिल्यांदाच खिडकीसमोर त्यांचा चेहरा आला.

अडतीस वर्षं त्यांनी खिडकी कातरली होती. खिडकीतून पाहिलं एकदाही नव्हतं. उभ्याने कातरणाऱ्याला दिसतात ती पानं. आणि वरून भोकात पाहिलं तर पलीकडची चार इंच जमीन.

बसल्यावर दिसलं ते वेगळंच. पलीकडची खडीची वाट. तिच्यापलीकडे वस्तीची बैठी रांग. आणि खिडकीच्या बरोब्बर मध्ये, फोटोच्या चौकटीत बसवल्यासारखं, एकच दार. तिसरं दार. त्यांच्याच स्वयंपाकघराचं.

ते पाहत असतानाच दार उघडलं. बायको बाहेर आली. एका हातात पिवळा फडका होता, तो तिने दोनदा झटकला. दुसऱ्या हातात फोन. तिने बटण दाबलं आणि दादांच्या खिशात फोन वाजला.

"निवतंय!"

"थांब, थांब. बंद करू नकोस. तू मला दिसतेयस."

"काय?"

"तुझ्या हातात पिवळा फडका आहे."

बायकोने फडक्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग आजूबाजूच्या सगळ्या झाडांकडे.

"अहो, कुठे चढून बसलात या वयात? खाली उतरा आधी!"

दादा तार तिथेच टाकून घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते फोननंतर दोन मिनिटांत पोचले, त्यामुळे ताट वाढलेलंच नव्हतं. जेवता जेवता त्यांनी सगळं सांगितलं. बायको घास हातात धरून ऐकत होती.

"आत्यांना विचारलंत का?" ती म्हणाली.

आता याला काय म्हणावं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. दादांची आत्या, वडिलांची मोठी बहीण, याच तिसऱ्या दारात जन्मली आणि वाढली होती. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. कान गेले होते, बाकी सगळं ठणठणीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला नातीकडे राहायची. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण विचारणं हेच मुळी घराण्यात नव्हतं.

दुपारच्या बसने दोघं तिच्याकडे गेली. आत्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होती.

"आत्या, हिरव्या भिंतीतली खिडकी कोणी पाडली गं?"

"मी कशाला पाडू? पडली असेल आपली आपण."

"पाडली म्हणजे, केली कोणी? भिंतीत भोक!"

"अरे, ती होय!" आत्याने झारी खाली ठेवली. "ती आईची. तुझ्या आजीची."

मग ती सांगत सुटली आणि तिला थांबवण्याची कोणाची इच्छाही नव्हती. आजोबा गुलाबाच्या वाफ्यात बसले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. ("यांच्यासारखंच," बायको म्हणाली.) बारा वाजता चूल विझवायची, तोवर स्वयंपाक उरकलेला असायचा. त्यानंतर जेवण पुन्हा गरम करायची सोय नाही, धुराने राजाचं डोकं दुखेल. हाक मारायची सोय नाही, आवाजाने दुखेल. बागेत जाऊन सांगावं तर राणीच्या बागेत नोकरांच्या बायकांना बंदी. आणि मध्ये ही भिंत. आजोबा रोज थंडगार जेवण जेवायचे आणि रोज रात्री पोट धरून बसायचे.

"एक दिवस आई म्हणाली, 'त्या भिंतीला एक भोक पाडा. तुम्ही बसता त्याच्या समोर. मी फडका हलवेन.' बाबा म्हणाले, 'फासावर जाऊ.' आई म्हणाली, 'पोटदुखीने मराल त्यापेक्षा बरं.' झालं, पाडलं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढं, वरून कोणाला दिसायचं नाही एवढं. मग रोज फडका हलला की बाबा घरी."

"मग कोणी पकडलं नाही?"

"पकडलं की! प्रत्यक्ष राणीने. फिरता फिरता तिचं काहीतरी खाली पडलं, रुमाल की काय. वाकली, तर समोर भिंतीत फडका हलतोय! खाली बसून आरपार बघायला लागली. मी तिकडे दारात आईचा पदर धरून उभी. आईचा हात वरच्या वर राहिला, फडक्यासकट. आमची पाचावर धारण. राणीने बाबांना विचारलं, 'हे काय?' बाबा कुजबुजले, मोठ्याने बोलायचं नाही ना, 'जेवणाची वेळ झाली, सरकार.' ती काही न बोलता गेली. त्या संध्याकाळी आईने घरातलं सगळं गाठोड्यात बांधलं होतं. सकाळी राणीकडून एक कागद आला."

"काय होतं कागदात?"

"मला काय ठाऊक? वाचता कोणाला येत होतं? मुख्य माळ्याने वाचला, हसला, आणि बाबांना म्हणाला, 'खिडकी राहू दे.' कागद त्याच्याचकडे राहिला. आईने गाठोडं सोडलं."

परतीच्या बसमध्ये दादांच्या डोक्यात आजी होती. आपल्या आजीला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता, तिची एखादी वस्तूही घरात नव्हती. एक ते भोक सोडलं तर. आणि त्यात आपण आजच तार घालायला बसलो होतो, या विचाराने त्यांना कसंतरी झालं.

"अहो," बायको अचानक म्हणाली, "खिडकी बुजवतात का?"

"म्हणजे?"

"खिडकी लावतात. बंद करतात. बुजवतात तो खड्डा, बुजवतात ते भोक. त्या वरच्या दालनातल्या कागदात काय लिहिलंय?"

दादा तिच्याकडे पाहत राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि ही बाई अजून त्यांना गाठायची, तीही धावत्या बसमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नकाशेवाल्या मॅडमसमोर उभी राहिली. दादांनी आधी मेव्हण्याच्या गोष्टीबद्दल माफी मागितली, जी त्यांची चूक नव्हती, आणि मग आत्याने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"गोष्ट खरी वाटते," त्या म्हणाल्या. "पण एका शब्दावरून ठरवता येत नाही, दादा. विटांनी खिडकी बुजवतातसुद्धा." मग म्हणाल्या, "तो कागद चौकटीतून बाहेर काढून वाचलाय का कधी कोणी?"

कोणीच नव्हता वाचला. काचेवरूनच वाचता येत होता, मग बाहेर कशाला काढायचा?

सगळे वर गेले. मेव्हणाही आला, कारण जिथे इतिहास तिथे तो. मॅडमनी हातमोजे घातले, चौकट टेबलावर पालथी ठेवली, मागचे खिळे एकेक करून वाकवले आणि पुठ्ठा उचलला. चौकट बाजारातून तयार आणलेली, स्वस्तातली होती. कागदापेक्षा चार बोटं आखूड. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी डोकं चालवलं होतं आणि जे बसत नव्हतं ते खालून दुमडून मागे ढकललं होतं.

मॅडमनी घडी अलगद उलगडली. खाली आणखी एक ओळ होती, त्याच हातची. त्यांनी आधी मनात वाचली. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"वाचा ना," मेव्हणा म्हणाला.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "'खिडकी बुजवू नये, हा हुकूम समजावा. माळ्याचे जेवण निवते.'"

खिडकीत एक पारवा तेवढा घुमत होता. दादांनी कागदावरच्या शेवटच्या शब्दाकडे पाहिलं. तो शब्द रोज साडेबाराला त्यांच्या कानात ओरडला जात होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"बघा," बायको म्हणाली, पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता. "राणीला एका दिवसात कळलं. तुम्हाला अजून कळायचंय."

त्यानंतरची कामं भराभर झाली. मॅडमनी नकाशा पसरला, हिरव्या भिंतीवर तांबड्या शाईने एक चौकोन काढला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'माळ्याची खिडकी. दर आठवड्याला साच्याने कातरावी.' कंपनीच्या माणसांना बोलावून दादांनी आजोबांचा साचा त्यांच्या हवाली केला, आणि साचा कसा धरायचा हे तीन वेळा समजावलं. वरची खिडकी पन्नास वर्षांनी लावायचं ठरलं, त्यासाठी तीन माणसं आणि बाटलीभर तेल लागलं. पारव्यांनी बाहेर कठड्यावर बसून निषेध केला. मेव्हणा दोन दिवस रुसून होता, कारण त्याची सगळ्यात चांगली गोष्ट गेली होती. तिसऱ्या दिवशी तो पाहुण्यांना सांगताना ऐकू आला, की राणी रोज त्या माळ्यासाठी सोन्याच्या ताटात जेवण पाठवायची.

दादांचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी घरही रिकामं करायचं होतं; अर्ध्या संसाराची खोकी बांधून झाली होती. मुलीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथे ना बाग होती ना भिंत. दादा सकाळपासून गुलाबांच्या वाफ्यात होते. कोणी काम सांगितलं नव्हतं, तरी होते.

साडेबारा वाजले. फोन वाजला नाही.

दादांनी खिशातून काढून पाहिला. चालू होता. बांधाबांधीत विसरली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि आणखी एक वाफा मोकळा केला. पावणेएक झाला. त्यांना भूक लागली, मग थोडा राग आला. आजच्या दिवशी तरी एक फोन करायला काय झालं होतं? एक वाजत आला तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते हातातलं खुरपं टाकून हिरव्या भिंतीकडे गेले, दगडावर बसले आणि खिडकीतून पाहिलं.

तिसऱ्या दारात बायको उभी होती. तिच्या हातात पिवळा फडका होता आणि ती तो हलवत होती. उजवा हात दुखला असावा, कारण आता डाव्याने हलवत होती. अर्धा तास ती तशीच हलवत उभी होती.

दादांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. तिला तो दिसला. तिने फडका खांद्यावर टाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तिसऱ्या राजाचं डोकं कायमचं दुखेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "या आता!"

ते घरी गेले. जेवण पार निवलं होतं. दोघं खोक्यांवर बसून ते तसंच जेवली.